पश्चिमेची भिंत

रामनगरच्या बाजारात दत्तात्रयाच्या वडिलांनी घातलेलं सिमेंट-पत्र्याचं दुकान होतं, आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून पन्नाशी उलटेपर्यंत दत्तात्रय त्याच दुकानात बसला. त्या पट्ट्यात कुणाचंही घर उभं राहायचं असलं की पहिली पोती त्याच्याकडून जायची. मग एका उन्हाळ्यात त्याची छाती घरघरायला लागली. डॉक्टरांनी सिमेंटच्या धुळीचं नाव घेतलं, बायकोनं, देवकीनं, धोशा लावला, आणि दुकान धाकट्या भावाच्या, परशुरामाच्या हवाली करून दत्तात्रयाने नंदिगड्डे गावाच्या पुढं घेऊन ठेवलेल्या दीड एकरात घर बांधायचं ठरवलं. तेही मातीचं. जन्मभर सिमेंट विकलेला माणूस मातीचं घर बांधतोय म्हणून बाजारात चार दिवस चेष्टा झाली आणि लोक विसरून गेले.

मातीचं काम जाणणारा माणूस त्या डोंगरात एकच उरला होता, लखू. पलीकडच्या वाडीतला, साठी ओलांडलेला, अंगानं वाळक्या शेंगेसारखा. चार पिढ्या जंगलातल्या शेतीवर जगलेलं घराणं. गावोगावच्या जुन्या घरांच्या भिंती त्याच्या नाही तर त्याच्या बापाच्या हातच्या. पण गेल्या पंधरा वर्षांत त्याला कुणी बोलावलं नव्हतं. दत्तात्रय विचारायला गेला तेव्हा लखू अंगणात कोयत्याला धार लावत होता. तो उठला. आत जाऊन धुतलेला सदरा घालून आला, मग म्हणाला, "शेट, माती बघून सांगतो."

त्याने माती बघितली म्हणजे खरोखरच बघितली. तीन ठिकाणी खणलं, मूठभर माती ओली करून तिचे गोळे केले, उन्हात ठेवले, दुसऱ्या दिवशी येऊन फोडून पाहिले. एका जागची माती जिभेला लावली आणि थुंकून टाकली. शेवटी बांधाजवळची लाल माती, त्यात वारुळाची माती आणि भाताचं काड, असं ठरलं. जोतं जांभ्या दगडाचं, गुडघाभर उंच. भिंती हातभर थराच्या, एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. लखूची बायको रुक्मा आणि तिचे दोन भाऊ चिखल तुडवायला. दत्तात्रयही चिखलात उतरायचा. त्याची छाती मोकळी झाली होती आणि संध्याकाळी पाय धुताना त्याला स्वतःचेच पाय नवे वाटायचे.

माघात भिंती पुऱ्या झाल्या. छपराचे वासे चढले, त्यावर जुनी कौलं बसली. उळवीची जत्रा आली तशी लखू आणि रुक्मा कंदमुळांच्या टोपल्या घेऊन चार दिवस जत्रेला गेले. देवकी बहिणीच्या मुलीच्या लग्नाला बेळगावला गेली होती. घरापाशी दत्तात्रय एकटा होता, आणि नेमका तेव्हाच परशुराम गाडी घेऊन घर बघायला आला.

परशुरामाने घराला एक फेरी मारली. पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबला, नखानं खरवडलं, बोटभर माती खाली सांडली.

"दादा, जोयड्याचा पाऊस तू काय आज बघतोस व्हय? ह्या अंगानं झड आली की ही भिंत साखरेसारखी विरघळणार."

"लखूमामांच्या बापानं बांधलेली घरं साठ वर्षं उभी हायत."

"असतील. तुझं साठ वर्षं न्हाई, साठ दिवस टिकलं तरी बघू." तो हसत म्हणाला. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, पण जाता जाता तो आणखी म्हणाला, "वहिनीला घेऊन राहायचंय इथं. विचार कर."

दत्तात्रय दोन दिवस त्या भिंतीभोवती फिरत राहिला. तीस वर्षं गिऱ्हाइकांना त्याने हेच सांगितलं होतं, सिमेंट हाय तर काळजी न्हाई. ते शब्द आता त्याच्याच डोक्यात दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखे वाजत होते. तिसऱ्या दिवशी त्याने रामनगरहून येसू गवंड्याला बोलावलं. येसू चार पोती घेऊन आला. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा बसला, आणि त्यावरून लाल मातीचा पातळ हात फिरवला. बघणाऱ्याला काही कळणार नाही असं काम येसूनं केलं.

"कुणाला बोलू नको," दत्तात्रय म्हणाला.

"मी कशाला बोलू?" येसू म्हणाला, आणि खरंच कधी बोलला नाही.

लखू जत्रेहून आला तो प्रसादाचा नारळ घेऊन. आल्या आल्या घराभोवती फिरला, पश्चिमेच्या भिंतीवर तळवा टेकला.

"ह्यो भाग लवकर वाळला की, शेट."

"ऊन कडक होतं ना," दत्तात्रय म्हणाला. बोलताना त्याचे कान गरम झाले. पण लखू पुढच्या कोपऱ्याकडे निघूनही गेला होता. त्या बोलण्यावर त्याने विश्वास ठेवला होता, इतक्या सहज. पुढं रुक्मा आणि देवकी दोघींनी मिळून भिंतींना शेणामातीचं लिंपण केलं, तेव्हा रुक्मा एकदा म्हणाली, "हितं लिंपणाचा हात धरत न्हाई बघ, अक्का." देवकीनं आणखी थोडं शेण घातलं आणि विषय तिथंच संपला.

एप्रिलात बेळगावहून स्नेहा नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली. निसर्गाला धरून बांधलेल्या घरांचे व्हिडिओ ती करायची. दत्तात्रयाने घर दाखवलं, लखूला शेजारी उभं केलं, सगळं श्रेय त्याला दिलं. त्यात काही खोटं नव्हतं. मग स्नेहानं विचारलं, "आणि सिमेंट किती लागलं?"

"एक मूठसुद्धा न्हाई," दत्तात्रय म्हणाला.

लखू कॅमेऱ्याकडे बघून पहिल्यांदाच हसला. पुढचे दोन दात नसलेलं ते हसू हजारो लोकांनी पाहिलं. त्यात निखिल होता. काळी नदीच्या काठाला त्याचं पर्यटकांसाठी राहायच्या खोल्यांचं ठिकाण होतं. तो स्वतः येऊन घर बघून गेला आणि पावसाळ्यानंतर चार खोल्या मातीच्या बांधायचं काम त्याने लखूला सांगितलं. लखूनं वाडीतल्या आणखी तिघांना बोलून ठेवलं. वर्षभर कुणाला गोव्याला कामाला जायला लागणार नव्हतं.

मिरगाच्या आधी लखू गवताचे भारे आणि बांबू घेऊन आला. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळाभर गवताची तट्टी बांधायची, झड भिंतीवर बसू द्यायची नाही, ही तिथली रीत. दत्तात्रय म्हणाला, "ठेवा मामा, मी बांधतो सावकाश." बघायला माणसं येत होती, फोटो काढत होती. गवताच्या तट्टीनं घर गोठ्यासारखं दिसलं असतं, असं त्याला वाटलं. आणि खरं कारण त्याहून साधं होतं. आत सिमेंट होतं. तट्टीची गरजच नाही, असं तो धरून चालला होता. भारे पडवीत तसेच पडून राहिले.

आषाढात पाऊस लागला तो अकरा दिवस थांबला नाही. दहाव्या दिवशी देवकीला पश्चिमेच्या भिंतीवर आतून ओल दिसली. अकराव्या दिवशी दुपारी दोघं जेवायला बसले होते. त्या भिंतीपलीकडच्या, वळचणीखालच्या दगडावर भांडी विसळून देवकी नुकतीच आत आली होती. घशातून खाकरल्यासारखा एक आवाज झाला आणि पश्चिमेची भिंत मधोमध फुगून बाहेरच्या अंगाला झोपली. तो भांडी घासायचा दगड ढिगाऱ्याखाली गेला. छपराचा एक वासा खाली लोंबला आणि जेवणाच्या ताटांत पाऊस पडायला लागला.

देवकी समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिचा हात अजून ओला होता.

दत्तात्रय बाहेर धावला. ढिगाऱ्यात त्याला पहिल्यांदा दिसला तो सिमेंटचा पोपडा, परातीएवढा, आतल्या बाजूनं चिखलानं लडबडलेला. काय झालं ते त्याला उभ्या उभ्या समजलं. वरच्या फटीतून पाणी आत गेलं होतं आणि सिमेंटनं ते बाहेर पडू दिलं नव्हतं. नुसती माती असती तर भिजली असती, वाळली असती. भिंत पावसानं पडली नव्हती, त्याने पाडली होती. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि तो पोपडा पायानं चिखलात दाबला. विचार करून नव्हे. पाय आपोआप पुढं गेला.

बातमी संध्याकाळपर्यंत पसरली. दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला तशी माणसं आली, निखिल आला, आणि लखूही आला, डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेऊन. त्याच्या आधी, उजाडता उजाडता, दत्तात्रयाने दिसतील तेवढे पोपडे घमेल्यात भरून मागच्या कुंपणापलीकडे करवंदीच्या जाळीत टाकले होते. घमेलं घेऊन जाताना तो वाकून चालत होता, जसा काही दुसऱ्याच्या परसातून चोरून जातोय.

निखिलनं ढिगाऱ्याकडे बघून विचारलं, "काय झालं नेमकं, दत्ताशेट? मला चार खोल्या बांधायच्यात. माणसं झोपणार तिथं."

सगळे त्याच्याकडे बघत होते. लखू जोत्याच्या दगडावर हात टेकून उभा होता. दत्तात्रयाला वाटलं, आता सांगावं.  मग त्याचाच आवाज त्याला ऐकू आला, "काय सांगणार? मातीचं काम हाय. मामांच्या हातून काय तरी राहिलं असेल."

 लखूनं मान खाली घातली.

"व्हय," तो म्हणाला. "माझंच काय तरी चुकलं आसंल."

निखिल जाताना लखूला म्हणाला, "मामा, आपण नंतर बोलू." सगळ्यांना कळलं की ते बोलणं आता होणार नाही. माणसं पांगली. देवकी दारात उभी होती. तिला काही माहीत नव्हतं, तरी त्या दिवशी तिनं नवऱ्याला वाढताना एक शब्दही काढला नाही. लखूचं तोंड तिनं पाहिलं होतं.

पुढचे आठ दिवस दत्तात्रय घराबाहेर पडला नाही. नंदिगड्ड्यात चहाच्या टपरीवर लोक काय बोलतात ते त्याला दूधवाल्याकडून कळत होतं. लखू म्हातारा झाला, नजर गेली, आता त्याच्याकडून नको. भाऊ परशुरामाचा फोन आला, "मी म्हटलं नव्हतं? माती ती मातीच." दत्तात्रय "हं" म्हणाला. त्या एका "हं"ची त्याला इतकी लाज वाटली की फोन ठेवल्यावर तो न्हाणीत जाऊन उगाच तोंड धूत बसला.

नवव्या दिवशी सकाळी लखू आणि रुक्मा फावडं-घमेलं घेऊन दारात हजर झाले.

"माझ्या हातची भिंत पडली," लखू म्हणाला. "मी उभी करून देणार. मजुरी बोलू नका."

"पावसात कशाला, मामा?"

"भिंत पाऊस गेल्यावर चढवू. आधी माती बघायची हाय."

त्याने ढिगाऱ्यातली माती घेतली, चाळली, गोळे केले. एक गोळा बादलीतल्या पाण्यात सोडून तो उकिडवा बसला आणि गोळा कधी फुटतो ते बघत राहिला. फुटला नाही. दुसरा सोडला. तोही फुटला नाही. लखू बराच वेळ त्या बादलीत बघत होता. जवळच रुक्मा कौलं रचत होती. दत्तात्रय पडवीच्या खांबाला धरून उभा होता, देवकी चहा घेऊन आली होती.

"शेट," लखू म्हणाला, "माती चांगली हाय. काड बरोबर हाय. मग चुकलं काय? मला समजंना. सगळ्या घरांच्या भिंती बघून आलो मी. बहिणीच्या घरची बघितली. माझ्या बापाच्या हातची बघितली. कुठं काय न्हाई. म्हणजे हातच गेला माझा. निखिलला सांगून टाकतो, दुसरा माणूस बघ म्हणून. हीच शेवटची. ही तेवढी नीट करतो."

"आठ दिस ह्यो माणूस आमच्याच भिंतींना कान लावून बसतोय," रुक्मा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. नवऱ्याच्या आजाराबद्दल सांगावं तसं ती सांगत होती.

दत्तात्रय खांब सोडून खाली उतरला. कुंपणापलीकडे गेला. करवंदीच्या काट्यांनी त्याचा हात ओरबाडला. सिमेंटचा एक मोठा पोपडा त्याने ओढून काढला, दोन्ही हातांत धरून आणला आणि लखूपुढं चिखलात ठेवला.

"तुमचा हात गेला न्हाई, मामा. हे मी केलं. तुम्ही उळवीला गेला होता तेव्हा. येसूकडून बाहेरनं गिलावा मारून घेतला. वर माती फिरवली." त्याला श्वास पुरत नव्हता. "तट्टी पण म्हणूनच बांधली न्हाई. आणि भिंत पडल्यावर... ते पण मीच..."

 लखूनं पोपडा उचलला, उलटा केला, आतल्या बाजूनं चिकटलेली माती अंगठ्यानं पुसली. 

"जत्रेला गेलो तवा," तो शेवटी म्हणाला.

"व्हय."

"मी तिथं देवाला नारळ फोडला. शेटचं घर हुभं ऱ्हाऊ दे म्हणून."

त्याने पोपडा खाली ठेवला. बादलीतल्या पाण्यानं पाय धुतले, फावडं खांद्यावर घेतलं. रुक्मा मात्र जागची हलली नाही.

"शेट, भ्यालात तर बोलायचं," ती म्हणाली. "ह्यानी काय खाल्लं आसतं तुमाला? माती पटत न्हाई म्हणाला आसतात तर ह्यो आपणहून बाजूला झाला आसता. पर चार माणसांत तुमी ह्याचं नाव घेतलं."

 देवकीच्या हातातला चहा तसाच होता. ती दोघं पायवाटेनं दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. मग नवऱ्याकडे न वळता म्हणाली, "त्या दगडावर मी होते, अहो. पाच मिनिटं आधी."

त्या दिवशी तो टपरीवर गेला. पाऊस होता म्हणून टपरी भरलेली होती. त्याने उभ्यानंच सगळं सांगितलं, येसूचं नाव मात्र वगळून. एक जण हसला. एक म्हातारा म्हणाला, "आता सांगून काय उपयोग?" आणि बाकीचे पावसाकडे बघायला लागले. स्नेहाला त्याने फोन लावला, निरोप पाठवला, व्हिडिओ काढून टाक म्हणून. उत्तर आलं नाही. मग देवकीला फोन धरायला सांगून त्याने पडक्या भिंतीपुढं उभं राहून, हातात पोपडा धरून नवा व्हिडिओ केला. तीनदा करावा लागला, कारण मध्येच त्याचा आवाज जायचा. तो कुणी फारसा पाहिला नाही. जुना अजून फिरतोच आहे. त्यात लखू हसतो आणि दत्तात्रय म्हणतो, एक मूठसुद्धा न्हाई.

निखिलकडे तो दुसऱ्या दिवशी गेला. तिथं अंगणात सिमेंटच्या विटांची रास ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती. ताडपत्रीवर परशुरामाच्या दुकानाचं नाव होतं.

निखिलनं ऐकून घेतलं. तो चिडला नाही, आणि तेच दत्तात्रयाला जास्त लागलं.

"तीन खोल्यांचं ठरून गेलं, दत्ताशेट. ते आता फिरवता येणार नाही," तो म्हणाला. "चौथी बाकी आहे. ती मामांना देतो. पण मी बोलावलं तर येतील का?"

"ते मला ठाऊक न्हाई," दत्तात्रय म्हणाला. "माझं नाव मात्र सांगू नका."

लखू आला. दिवाळी उलटल्यावर रुक्मा आणि तिच्या एका भावाला घेऊन त्याने चौथ्या खोलीचं जोतं धरलं. वाडीतले बाकीचे तिघं तोवर गोव्याला कामाला गेले होते. दत्तात्रयाची भिंत उभी करायला तो आला नाही, आणि दत्तात्रयाने बोलावलंही नाही. पडक्या भिंतीच्या जागी त्याने स्वतः बांबू रोवून गवताची तट्टी बांधली होती. वारा आला की ती आत वाकायची. देवकी त्या खोलीत झोपत नव्हती.

एका सकाळी तो निखिलच्या ठिकाणी गेला. खड्ड्यात चिखल तुडवायला रुक्मा आणि तिचा भाऊ दोघंच होते, आणि काम मागं पडत होतं. दत्तात्रयाने चपला काढल्या, विजार गुडघ्यावर गुंडाळली आणि खड्ड्यात उतरला. रुक्मानं त्याच्याकडे बघितलं, जरा सरकून जागा केली. लखू भिंतीवर होता. त्याने बघितलं की नाही ते समजलं नाही. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा कुणी त्याला बोलावलं नाही, आणि तो आपला डबा घेऊन लांब आंब्याखाली बसला. दुसऱ्या दिवशीही तो गेला. तिसऱ्या दिवशी लखूनं त्याला काड जास्त पडलं म्हणून रागं भरलं, साध्या गड्याला भरावं तसं, शेट न म्हणता. दत्तात्रय "बरं" म्हणाला आणि काड उपसून काढायला लागला.

पाचव्या-सहाव्या दिवशी पुण्याहून आलेलं एक जोडपं नदीवरून परतताना तिथं थांबलं. बाई दत्तात्रयाकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्ही ते मातीच्या घराच्या व्हिडिओतले ना? फार सुंदर घर आहे हो. उभं आहे ना अजून?"

चिखलाचा गोळा दत्तात्रयाच्या हातात होता. वर भिंतीवर लखूचा पसरलेला हात तो गोळा घ्यायला थांबलेला होता. दत्तात्रयाची मान खाली गेली, पण या वेळी तो बोलला.

"एक भिंत पडली. बांधली होती ह्या मामांनी. पाडली मी."

ती दोघं कसनुसं हसली आणि पुढं गेली. त्याने गोळा वर केला. लखूनं तो घेतला, थरावर आपटला, अंगठ्यानं दाबून बसवला. खाली बघितलं नाही.

"हात चालव," तो म्हणाला. "ऊन चढतंय."

दत्तात्रय पुन्हा चिखलात वाकला.